गोळी कुठे गेली?

सरकारी नोकरीत राहून माणसाला ज्या काही कला साधतात, त्यांत एखादी वस्तू 'दुरुस्तीच्या पलीकडे' गेली आहे असे ठरवण्याची कला बरीच वरच्या दर्जाची आहे. त्या दोन शब्दांखाली सही झाली, की टेबलापासून जीपगाडीपर्यंत कशाचीही विल्हेवाट निर्वेधपणे लागते. अशा सह्या मी पुष्कळ केल्या आणि त्यांपायी माझी झोप कधी उडाली नाही. पण बरगीला असताना एकदा हाच शेरा मी कागदाशिवाय, केवळ मनातल्या मनात, एका खेळाच्या पेटीवर मारला. तो मात्र अजून मला टोचतो आहे.

बरगी हे जबलपूरपासून चाळीसेक किलोमीटरांवरचे नर्मदेचे धरण. काम १९७४ साली सुरू झाले आणि १९९० साली संपले. उंची एकोणसत्तर मीटर, लांबी पाच किलोमीटरांच्या वर, दरवाजे एकवीस. बांधकामाच्या दिवसांत गजबजलेली कॉलनी आता निम्मी रिकामी आहे. बंद क्वार्टरांच्या अंगणांत सागाची रोपे आपोआप उगवली आहेत. जबलपुरात मराठी माणसाला परके वाटत नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती, आणि त्या काळापासूनची, किंबहुना त्याही आधीची, कितीतरी मराठी घरे तिथे नांदत आहेत. कॉलनीत मात्र मराठी बिऱ्हाड आमचे एकटेच. संध्याकाळी जलाशयावरून वारा सुटला, की करायला काही उरत नसे. उपद्व्यापाला याहून पोषक हवामान मला ठाऊक नाही.

कॉलनीच्या क्लबात, मागच्या पडवीत, फुटक्या कॅरम-बोर्डांच्या आड एक पिनबॉलची पेटी उभी होती. धरण बांधले जात असताना कोणा ठेकेदाराने ती मुंबईहून आणून क्लबाला भेट दिली, असे जुने लोक सांगत. क्लबाच्या भंगाराचा लिलाव झाला तेव्हा तीही गेली. मला बोली लावणे शोभले नसते. म्हणून लिलाव संपल्यावर रीतसर भंगारवाल्याकडून, त्याचा नफा त्याला देऊन, मी ती विकत घेतली. चार माणसांनी ती व्हरांड्यात आणून ठेवली तेव्हा आमच्या सौ.नी एवढेच विचारले, "अहो, बदली झाली की हे ट्रकात माझ्या कपाटाच्या जागी जाणार का?"

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लहानपणी बॅगाटेलची फळी असे. एका कडेला स्प्रिंगचा दट्ट्या, फळीभर खिळ्यांची कुंपणे आणि त्यांतून अडखळत खाली येणारे छर्रे. स्प्रिंगच्या दट्ट्याच्या या खेळाचे पेटंट १८७१ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरी माँटेग्यू रेडग्रेव्ह याने घेतले. पुढे १९३१-३२च्या मंदीत नाणे टाकून खेळायच्या पेट्या निघाल्या आणि शिकागो हे त्या धंद्याचे माहेरघर झाले. १९४७ साली गॉटलीब कंपनीने 'हम्प्टी डम्प्टी' नावाच्या पेटीत विजेवर हलणारे फ्लिपर बसवले. तोवर गोळी एकदा सुटली, की पेटीला थोडे हलवण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती काही नसे. आता बोटाने बटण दाबून खाली येणारी गोळी पुन्हा वर टोलवता येऊ लागली. तरीही हा जुगारच, असे म्हणून न्यूयॉर्क शहराने १९४०च्या दशकात घातलेली बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगरसभेच्या समितीपुढे पेटी मांडून, गोळी कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगितले आणि ती तशीच नेऊन दाखवली. खेळात दैवापेक्षा हात मोठा आहे हे समितीला पटले. बदलीच्या नोकरीत आपण कुठे जाऊन पडतो यात दैव किती आणि हात किती, हे मात्र अजून कोणत्याही समितीपुढे सिद्ध झालेले नाही!

पेटीची वरची काच काढली आणि आतले जग पाहून मी थक्क झालो. संगणक येण्यापूर्वीची ही रचना. गुण मोजायचे तेही रिले, खटके आणि दातेरी चाके यांनी. प्रत्येक फ्लिपरच्या मागे तांब्याच्या तारेचे एक वेटोळे. त्यात तार दुहेरी: जाड तार झटका देणारी, बारीक तार पट्टी नुसती उचलून धरणारी. आणि एका कोपऱ्यात चक्क ओळंबा! गवंड्याच्या हाती असतो तसाच, भोवती एक धातूची कडी. कोणी पेटीला बेताबाहेर ढकलले, की ओळंबा कडीला टेकतो, वीज वाहते आणि डाव बाद होतो. हॅरी विल्यम्स याची ही युक्ती. भिंतीचा सरळपणा तपासणारा ओळंबा इथे माणसाचा सरळपणा तपासत होता.

परंतु पेटी मेलेली होती. कोणीतरी अमेरिकेतल्या एकशेवीस व्होल्टांसाठी जोडलेली पेटी आपल्या दोनशेतीसवर लावली होती. वेटोळी जळून काळी पडली होती. रबरी कडी चुरा होऊन पडली होती. खेळाच्या फळीचा खालचा कोपरा वाळवीने खाल्ला होता. दोन रविवार मी तिच्यासमोर बसून काढले आणि तिसऱ्या रविवारी मनाशी म्हटले, दुरुस्तीच्या पलीकडे आहे.

हे म्हणताना मी पूर्ण प्रामाणिक होतो का? मला त्याच सुमारास दुसरीच एक गोष्ट कळली होती. रँडी डेव्हिस नावाच्या गृहस्थाने २००० साली 'व्हिज्युअल पिनबॉल' नावाची संगणक-प्रणाली लोकांपुढे ठेवली. तिच्या आधाराने जगभरच्या हौशी मंडळींनी शेकडो जुन्या पेट्यांचे खेळ हुबेहूब उतरवून काढले आहेत. जुन्या पेटीचे पोट रिकामे करायचे, खेळाच्या फळीच्या जागी दूरदर्शन-संचाचा पडदा आडवा बसवायचा, उभ्या खोक्यात चित्रकाचेऐवजी दुसरा पडदा, आणि तळाशी संगणक. एका पेटीत शंभर पेट्या! या मंडळींतही एक संकेत आहे, की चालणारी किंवा चालू होण्याजोगी पेटी कोणी रिकामी करू नये; मोडके खोकेच घ्यावे. तो संकेत मी वाचला होता. म्हणूनच पेटी दुरुस्तीपलीकडची असणे मला आवश्यक होते.

काम चार महिने चालले आणि त्याचा आनंद मी नाकारणार नाही. पडद्याची प्लास्टिकची चौकट उतरवली तरी तो पेटीत बसेना; शेवटी एका सुताराने आतून लाकूड रंधून सुतासुताने जागा काढली. जुना दट्ट्या तसाच ठेवला. मात्र तो आता गोळीला मारत नाही, त्याच्या पाठीशी बसवलेली एक सरकपट्टी तो किती ओढला ते संगणकाला सांगते. ओळंब्याच्या जागी नखाएवढी एक चकती आली. पेटीला धक्का दिला की ती त्याचे माप देते. गोळीची जागा संगणक सेकंदाला शेकडो वेळा मोजून पडद्यावर काढतो. नुसत्या चित्राने हाताला काही जाणवत नाही, म्हणून पेटीच्या भिंतीला आतून दोन विद्युत्-चुंबक जोडले. फ्लिपर हलला की ते लाकडावर 'ठक्' करतात. जुन्यातल्या दोन घंट्याही मी तारा जोडून बोलत्या केल्या. डाख देताना बोटे भाजली, सौ.ची बोलणी खाल्ली, पण दिवाळीच्या आदल्या दिवशी पेटी उजळली.

क्लबात तिचे पुनरागमन झाले तेव्हा कॉलनीतली सारी मुले लोटली. क्लबाचा म्हातारा चौकीदारही आला. जुन्या दिवसांत पेटीची गोळी रोज रात्री काढून, पुसून, कुलपात ठेवण्याचे काम त्याचे होते. तो बाजूला उभा राहून बराच वेळ पाहत होता. पडद्यावरचे चित्र समोर उभ्या असणाऱ्याच्या डोळ्यांसाठी काढलेले असते. बाजूने ते सपाट आणि तिरपे दिसते. मुले पांगल्यावर तो पुढे आला, काचेवर हात ठेवला आणि मला विचारले, "साहब, गोली कहाँ गई?"

मी त्याला यंत्राची सगळी रचना सांगितली. त्याने आदराने मान हलवली. त्याचे समाधान झाले नाही, हे दोघांनाही कळत होते.

गोळी माझ्या टेबलाच्या खणात होती. सत्तावीस मिलिमीटर व्यासाची, ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी. पुढच्या आठवड्यात जळकी वेटोळी तांब्याच्या भावाने विकायला मी जबलपुरात मोटारी गुंडाळणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने एक वेटोळे उचलले, फिरवून पाहिले आणि म्हणाला, "यह तो आधे घंटे का काम है." जाडी मोजायची, वेढे मोजायचे, तेवढी तार नव्याने गुंडाळायची, रोज तो हेच तर करत होता. रबरी कडी मागवून मिळाली असती. वाळवीचा कोपरा, ज्या सुताराने माझ्यासाठी पेटी रंधली, त्यानेच नव्या प्लायवूडने जोडून दिला असता. या तीन माणसांना मी आधी विचारले असते तर मला 'दुरुस्तीच्या पलीकडे' म्हणता आले नसते. विचारले नाही, ते काही अज्ञानाने नव्हे.

वेटोळी न विकता मी परत आणली. धरणाच्या भिंतीवरून गाडी जाताना पाणी उन्हात चमकत होते. या जलाशयाने एकशेबासष्ट गावांना झळ लावली. चौकीदाराचे गाव त्यांतलेच. त्याच्या नव्या वस्तीला जुन्याच गावाचे नाव आहे, शाळा आहे, हातपंप आहे. तरी उन्हाळ्यात पाणी ओसरले, की तो मोकळ्या झालेल्या जमिनीवर जाऊन येतो आणि आपल्या घराचा ओटा कुठे होता ते पावलांनी मोजतो. धरणाची वीज माझ्या घरात जळते आणि धरण नको होते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण नव्या वस्तीला गाव म्हणताना त्याच्या तोंडावर जे भाव येतात, ते काचेवर हात ठेवतानाही आले होते. मी पाहिले होते आणि यंत्राची माहिती सांगत बसलो होतो.

यंदा माझी बदली झाली. पेटी क्लबातच ठेवली. मुले तिच्यावर जीव टाकतात आणि त्यांचा आनंद खोटा नाही. वाळवीने खाल्लेली फळी, वेटोळी आणि ओळंबा मात्र चादरीत गुंडाळून मी बरोबर घेतले आहेत. सौ.च्या कपाटाला ट्रकात जागा मिळाली. फळी त्याच्या पाठीशी उभी केली. नव्या गावी सुतार आणि मोटारी गुंडाळणारा असेलच. या वेळी आधी त्यांना विचारीन.

निघण्याच्या सकाळी चौकीदार निरोप द्यायला आला. मी खणातली गोळी त्याच्या हातावर ठेवली. फळी नीट झाली की ती मागवून घेईन, असे सांगितले. त्याने ती तळहातावर एकदा झेलून पाहिली, धोतराच्या सोग्याने पुसली, आणि जुन्या सवयीने किल्ल्यांच्या जुडग्याकडे हात नेला.