मांडव्याची वाट

अहिल्यानगराहून आष्टीकडे निघाले, की चिचोंडी पाटील मागे पडल्यावर जमीन हळूहळू रंग पालटू लागते. काळी माती विरळ होते, मुरूम वर येतो, आणि बालाघाटच्या उतरणीचे बोडके माळ दोन्ही बाजूंस पसरतात. आगगाडी आष्टीपर्यंत आली ती 23 सप्टेंबर 2022 रोजी, आणि बीडास पोहोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर एस. टी.ची मोटार, आणि जेथे मोटार जात नाही तेथे स्वतःचे पाय, हीच येथील वाहने होत. मार्गशीर्षात या भागात फिरावे तर पुष्कळशा घरांना कुलपे दिसतात. कर्ती माणसे ऊसतोडीस गेलेली असतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेची मुले.

या आष्टी तालुक्यातील मांडवा गावाचे नाव आज परदेशच्या क्रीडांगणांवर घेतले जाते, ते अविनाश साबळे यांच्यामुळे. त्यांचा जन्म 13 सप्टेंबर 1994 चा, घर शेतकऱ्याचे. शाळा सहा किलोमीटर दूर, आणि जाण्यायेण्यास वाहन नाही. म्हणून लहानपणापासून ते कधी चालत, कधी धावत शाळेस जात. पायवाट, बांध, ओढा यांवाचून त्यांस त्या काळी दुसरा गुरू नव्हता.

गुरूवाचून विद्या येते की नाही, हा वाद खेळांच्या जगात जुनाच आहे. गोल्फचे उदाहरण घ्या. पूर्वी दुसऱ्यांच्या काठ्यांचे ओझे वाहणारी पोरे नुसते पाहून पाहून खेळ उचलीत. दिल्लीच्या क्लबात असे ओझे वाहिलेल्या अली शेर यांनी 1991 साली इंडियन ओपन जिंकले, आणि 1993 साली पुन्हा जिंकले. आज तोच खेळ शिकणारा आपल्या हाताच्या फेऱ्याचे चित्रण करून घेतो, आणि प्रशिक्षकाने मान डोलाविल्याखेरीज त्यास स्वतःच्या मनगटाचा भरवसा वाटत नाही. जुने ते अस्सल आणि नवे ते पोपटपंची, असा निकाल देण्याचा मोह अशा वेळी होतो. मांडव्याची हकीगत तो निकाल इतक्या सहजी देऊ देत नाही.

साबळे बारावीनंतर लष्करात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचेनचा बर्फ आणि राजस्थानचे ऊन या दोहोंचा अनुभव घेतल्यावर 2015 च्या सुमारास ते लष्कराच्या क्रॉस-कंट्री शर्यतींकडे वळले. अमरीश कुमार या लष्करी प्रशिक्षकांनी त्यांचे गुण हेरून त्यांस स्टीपलचेसकडे नेले. या शर्यतीचा उगमही गावरानच. एका गावाच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावाच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतील कुंपणे व ओढे ओलांडीत घोडे पळविण्याची जुनी आयरिश चाल होती. तिचे हे मनुष्यरूप. 3000 मीटरांत 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा पार करावयाचा. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर, आणि तो ठोकर लागून पडत नाही. पडतो तो धावणारा!

या शर्यतीत आपल्याच रीतीने उडी मारणाऱ्यांचाही इतिहास आहे. 1968 साली मेक्सिकोत केनियाचे अमोस बिवोट पाण्याचा खड्डा एका झेपेत टाकीत आणि पाय कोरडेच ठेवीत. जाणते हसले, पण सुवर्णपदक बिवोट यांनीच नेले. 1972 साली म्यूनिक येथे, या प्रकाराचा फारसा अनुभव नसताना, त्यांचेच देशबंधू किप कीनो पहिले आले. मात्र पुढे जग शिकत गेले, आणि नुसत्या छातीवर निभावण्याचे ते दिवस सरले.

2018 साली भुवनेश्वरला साबळे यांनी 8 मिनिटे 29.80 सेकंदांत शर्यत पुरी करून गोपाळ सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्याच वर्षी ते काही काळ निकोलाय स्नेसारेव्ह या परदेशी प्रशिक्षकांकडे होते; पण ती शिस्त अंगास मानवली नाही, आणि ते अमरीश कुमारांकडे परतले. आम्हांस या प्रसंगाचे फार मोल वाटते. आपल्या शरीराची भाषा ज्यास आधी एकट्याने कळलेली असते, त्यासच कोणती शिकवण आपली नव्हे हेही कळते. पण म्हणून त्यांनी शिकणे सोडले नाही. पुढे ते अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्स येथे स्कॉट सिमन्स यांच्या देखरेखीखाली तयारीस राहिले. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांस रौप्यपदक मिळाले. 1994 नंतर या शर्यतीत केनियाबाहेर गेलेले ते पहिले पदक. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. 2023 साली हांगझौला आशियाई सुवर्ण मिळाले. जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये वेळ लागली 8 मिनिटे 9.91 सेकंद. म्हणजे सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद कमी झाले, आणि ते एकट्या माळाच्या शिकवणीने झालेले नाहीत.

शेजारच्या पाटोद्याचे राहुल आवारे यांची वाट मुळातच निराळी. वडील पैलवान; पुढे पुण्यास हरिश्चंद्र बिराजदार आणि त्यांच्यामागून काका पवार हे वस्ताद. 2018 साली राष्ट्रकुलात सुवर्ण, 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्य. कुस्तीत गुरूवाचून पान हलत नाही, हे गावातले पोरही सांगेल. धावण्यास मात्र गुरू लागतो, हे या मुलखास अलीकडेच उमगले.

सहा किलोमीटरांच्या त्या शाळेचे आपण शहरातील लोक फार कौतुक करतो. त्या मुलास मोटार मिळाली असती तर तो आनंदाने तीत बसला असता, हे विसरून चालणार नाही. त्याच्याबरोबर चालणारी इतर मुले कोठे गेली, हे कोणी विचारीत नाही. त्यांतली कितीएक आज कोयता घेऊन फडात असतील.

पहाटे चारपाचच्या सुमारास कड्याच्या रस्त्याने निघाले, तर अंधारात धावणारी तरुण मुले भेटतात. पोलीस आणि लष्कराच्या भरतीची ही तयारी. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, वेळ मोजण्यास एकाच्या खिशातला मोबाईल. दम दांडगा आहे. पण टाच आधी टेकावी की चवडा, हे सांगणारे त्या रस्त्यावर कोणी नसते.