डी ड्राइव्ह कुठे गेला?

लिनक्सचं नाव काढलं की आपल्याकडे दोन प्रकारचे चेहरे दिसतात. एक, "काय राव, अजून विंडोज?" असं विचारणारा. दुसरा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघून घाम फुटलेला. आमचे बाबा दोन्हींत बसत नाहीत. त्यांना एवढंच माहीत होतं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घरातल्या २०१४ च्या पीसीवर विंडोज ११ बसणार नाही. त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. आमचा आय-थ्री चौथ्या पिढीतला, रॅम चार जीबी. दुकानदार म्हणाला, "भंगारात काढा." अहो, पण मशीन ठणठणीत होतं!

खरा जीव अडकला होता डी ड्राइव्हमध्ये. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे अकरा वर्षांची पत्रं, नोटिसा, सभांची इतिवृत्तं, सगळं त्यात. शिवाय आजीचे फोटो. म्हणून पहिलं काम, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं आणि चार फायली उघडून बघितल्या. मगच पुढे.

लिनक्स मिंट २२ निवडलं. जुलै २०२४ मध्ये आलं, सपोर्ट २०२९ पर्यंत. रॅम कमी म्हणून एक्सएफसीई डेस्कटॉप. आयएसओ उतरवून तिचा शा-२५६ चेकसम ताडून पाहिला. चौसष्ट अक्षरं जुळवणं कंटाळवाणं, पण अर्धवट उतरलेली फाईल मध्येच दगा देते तेव्हा त्याहून जास्त कंटाळा येतो. मग पेन ड्राइव्हवरूनच मशीन चालू केलं. ही सोय मला फार आवडते: डिस्कला हातही न लावता अख्खी सिस्टिम चालवून बघायची. आवाज आला, प्रिंटर सापडला. वाय-फायचा डोंगल मात्र ढिम्म! ड्रायव्हर हवा तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेट हवं तर ड्रायव्हर हवा. शेवटी मोबाईल केबलने जोडून टेदरिंग केलं.

विंडोजमध्ये जाऊन जागा मोकळी केली आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं. ते चालू असलं की विंडोज बंद झाल्यासारखं दिसतं पण खरं अर्धं झोपलेलं असतं, आणि मग लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

मग आला तो पार्टिशनचा पडदा. बाबा चष्मा सावरत वाकले. "डी ड्राइव्ह कुठे गेला रे?"

"बाबा, इथे सी, डी असं काही नसतं. हे बघा, एसडीए-१, एसडीए-२, एसडीए-३..."

"यातला आपला कुठला?"

प्रश्न बरोबर होता. नावावरून कळत नाही. आकारावरून आणि एनटीएफएस या शब्दावरून ओळखायचा. 'इरेज डिस्क'चा पर्याय तिथेच शेजारी, अगदी सज्जन चेहऱ्याने उभा असतो. आम्ही 'समथिंग एल्स' घेतलं, मोकळी जागा ईएक्सटी-४ केली आणि बाबांनी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचल्यावरच 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं.

बाकी इन्स्टॉलेशन चहा होईपर्यंत. मला विचाराल तर ते इन्स्टॉलेशनच नव्हे! खरं काम पुढे. बाबांनी २०१६ ची नोटीस उघडली आणि समोर रोमन अक्षरांचा काला. ती पत्रं युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. फाईलमध्ये असतात रोमन अक्षरांचे कोड, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. विंडोजच्या पार्टिशनमधून ती टीटीएफ फाईल शोधली, होममधल्या डॉट फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकली आणि लिब्रेऑफिस पुन्हा उघडलं. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की..." बाबा खुर्चीत मागे रेलले.

नवीन पत्रं युनिकोडमध्येच लिहायची असं ठरलं. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक दोन क्लिकमध्ये आला. बाबांच्या बोटांना मात्र तो अजून सापडायचा आहे. जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरसाठी विंडोज ठेवलंय, नेट तोडून.

दोन दिवसांनी बाबांचा फोन. "अरे, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलंय!" लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. फोनवरून एका ओळीची कमांड सांगितली. एक-एक अक्षर, "टी टेबलचा" करत. कमांड चालली तेव्हा पलीकडून आवाज आला, "अगं, हे बघ, मी टर्मिनल उघडलं!"

ते आईला उद्देशून होतं.