दाढेच्या फाट्यापाशी

बोटांची पकड सैल होऊ लागली की दातांचा डॉक्टर आधी कुठलं काम टाळू लागतो, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. वरच्या पहिल्या दाढेचा मागचा फाटा. तिन्ही मुळं जिथून सुटी होतात ती जागा, तीही शेजारच्या दाढेच्या आडोशाला. तिथे आरशाचा उपयोग नाही. वाकडा प्रोब सरकवायचा आणि बोटांनीच पाहायचं. माझी बोटं आता पूर्वीइतकं नीट पाहत नाहीत. त्यामुळेच असेल, पण म्हातारपणी दात टिकतात ते कशाच्या बळावर, हा प्रश्न हल्ली मला सोडत नाही. ते आपल्या हाताच्या कसबामुळे टिकतात असं मानायला मला आवडतं. तो माझा अहंकार आहे आणि अजून पुरता गेलेला नाही. पुरावा मात्र दुसरीकडे बोट दाखवतो: वर्षानुवर्षं, न चुकता होणाऱ्या साध्या देखभालीकडे.

फाट्याचंच घ्या. १९७९ साली बोवर यांनी पहिल्या दाढांच्या फाट्यांची तोंडं मोजली. निम्म्याहून अधिक ठिकाणी ती पाऊण मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद निघाली. आपण खरवडायला वापरतो त्या क्युरेटच्या पात्याची रुंदी पाऊण मिलिमीटरपासून पुढे. म्हणजे हात कितीही तयार असला तरी हत्यारच आत जात नाही. अल्ट्रासॉनिकची बारीक टोकं जातात, पण आतलं छत खोलगट आणि खडबडीत असतं. हिरडी उघडून, डोळ्यांदेखत साफ केलं तरी टार्टर मागे राहतोच. मग उरतं ते एक मूळ कापून काढणं. या शस्त्रक्रियेच्या स्लाइड आम्ही परिषदांमध्ये ज्या तोऱ्यात दाखवतो, तो तोरा मलाही चांगला माहीत आहे. पण लँगर आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली अशा शंभर दाढांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा अडतीस गेलेल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक हिरडीच्या रोगाने नव्हे; सर्वाधिक गेल्या त्या उरलेलं मूळ तडकल्याने. हिर्शफेल्ड आणि वासरमन यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या ६०० रुग्णांची सरासरी २२ वर्षांची नोंद छापली. त्यात फाट्यापर्यंत रोग पोहोचलेल्या दातांपैकी सुमारे ३१ टक्के गेले. हा आकडा मी पुन्हापुन्हा उलटा करून वाचतो: जवळजवळ सत्तर टक्के राहिले. ज्या जागी आमचं हत्यार धड शिरत नाही, त्या जागेसह राहिले, कारण ती माणसं येत राहिली.

याहून ठळक पुरावा स्वीडनमधल्या कार्लस्टाडचा. अ‍ॅक्सेलसन आणि लिंडे यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे काम सुरू केलं आणि २००४ साली तीस वर्षांचा निकाल दिला. सुरुवातीला पन्नाशी ओलांडलेल्या गटातही माणशी सरासरी दोनपेक्षा कमी दात गेले, आणि त्यातलेही बहुतेक मुळं तडकल्याने. काम काय, तर ठरलेल्या अंतराने बोलावणं, साफसफाई, घासण्याची पद्धत पुन्हा दाखवणं. त्यातलं बरंचसं हायजिनिस्टच्या हातचं होतं, शल्यविशारदाच्या नव्हे. यावर रास्त आक्षेप असा की तीस वर्षं येत राहणारा माणूस मुळातच काळजी घेणारा, सुखवस्तू, शिस्तीचा. दात त्याच्या स्वभावाने टिकले, देखभालीने नाही. तीस वर्षांच्या आकड्याला हा आक्षेप लागू पडतो. पण पहिली सहा वर्षं शेजारी तुलनेचा गट होता, वर्षातून एकदा नेहमीचे उपचार घेणारा. त्यांच्या हिरड्या बिघडत गेल्या आणि कीड वाढत गेली. सहा वर्षांनंतर तो गट तसाच चालू ठेवला गेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो श्रीलंकेच्या चहामळ्यांतून येतो. हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९७०पासून तिथल्या ४८० तरुण मजुरांवर नजर ठेवली. ब्रश नाही, डॉक्टर नाही. तरी सुमारे ११ टक्क्यांचा रोग हिरडी सुजण्यापलीकडे गेलाच नाही. सुमारे ८ टक्क्यांचा मात्र झपाट्याने वाढला. म्हणजे शरीराची ठेवण हेच सगळं? आपल्याकडे ‘आमच्या घराण्यात दात लवकरच पडतात’ म्हणणारे याच बाजूचे. मी त्यांना खोटं ठरवणार नाही. पण मधले ८१ टक्के उरतात, आणि ते ना भाग्यवान ना अभागी; त्यांचे दात राखता येतात. शिवाय तिशीतला माणूस कुठल्या टक्क्यातला, हे सांगणारी खात्रीची चाचणी माझ्या खुर्चीपाशी नाही. जपानने १९८९मध्ये ऐंशीव्या वर्षी वीस दात राखण्याची मोहीम सुरू केली तेव्हा दहातला एक म्हातारासुद्धा तिथवर पोहोचत नव्हता. २०१६च्या पाहणीत निम्म्याहून अधिक पोहोचले. यात राहणीमान आणि फ्लोराइड पेस्टचाही वाटा आहे, सगळं श्रेय मोहिमेला देणं चुकीचं ठरेल. पण एका पिढीत जपान्यांची आनुवंशिकता बदलली नाही, एवढं नक्की.

महाराष्ट्रात या हिशेबात दोन गोष्टी जास्तीच्या धराव्या लागतात. एक मधुमेह: साखर आवाक्यात नसली की हिरडी आणि हाड दोन्ही भराभर जातात, आणि हिरडीची सूज उलटून साखरही बिघडवते. दुसरी मशेरी. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर १९९२ साली बंदी आली, पण तव्यावर तंबाखू भाजायला कारखाना लागत नाही. विडी-सिगारेटचा डाव आणखी वाईट, कारण त्याने हिरडीतून रक्त येणं कमी होतं आणि रुग्णाला वाटतं सगळं ठीक आहे. वय मात्र मी या यादीत घालत नाही. साठी झाली म्हणजे दात जायचेच, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की मला अजून राग येतो. वयाबरोबर येतात त्या गोळ्या. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, अ‍ॅलर्जीच्या अनेक औषधांनी लाळ कमी होते, आणि उघड्या पडलेल्या मुळांना कोरड्या तोंडात कीड लागते. फाटा टिकवला आणि दाढ मुळाच्या किडीने गेली, असं होऊ शकतं. म्हणून प्रिस्क्रिप्शन वाचणं हेसुद्धा हिरडीचंच काम.

आताच्या चकचकीत दवाखान्यांचं उत्तर सोपं असतं: फाटा दिसला की दाढ काढा, इम्प्लांट लावा. इम्प्लांट उत्तम साधन आहे. जिथे दात नाहीच तिथे मी त्याच्या बाजूने बोलेन. पण ज्या तोंडात देखभालीअभावी दाढ गेली, त्याच तोंडात इम्प्लांटभोवतीचं हाडही जातं, आणि तो रोग आवरणं फाट्यापेक्षा सोपं नाही. शिवाय दात काढल्यावर तिथलं हाड झिजतं ते परत येत नाही, आणि पूर्ण कवळीने चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या पासंगालाही पुरत नाही. न दुखणारी, न हलणारी फाट्याची दाढ अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काढण्याचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. तिला दर तीन महिन्यांनी पाहावं, जमेल तेवढं साफ करावं, इंटरडेंटल ब्रश फाट्याच्या तोंडाशी कसा धरायचा ते दाखवावं. रुग्णाचा हात कापत असेल तर ते त्याच्या सुनेला, मुलाला किंवा घरी येणाऱ्या मावशींना दाखवावं, आणि केसपेपरवर साखर-रक्तदाबाच्या शेजारी दात कोण घासतं तेही लिहावं. माझ्या हाताला जे आता साधत नाही, त्यापेक्षा या दुसऱ्या हाताला शिकवण्यात हल्ली माझा जास्त वेळ जातो.