कॉम्प्रेसरचा हिशेब

उन्हाळा लागला की न्हावऱ्यातल्या माझ्या दुकानासमोर गाड्या उभ्या राहू लागतात. शिरूर-चौफुला रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. साखर कारखान्याचा हंगाम संपत आला की ट्रॉल्यांचे दिवे, हॉर्न ही कामं कमी होतात आणि एसीची सुरू होतात. येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच सांगतो, "भाई, कुलिंग होत नाही, गॅस भरून द्या." मी म्हणतो, "आधी बघू तर द्या."

हे 'आधी बघू' मला फुकटात शिकायला मिळालं नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याहून काम शिकून येऊन मला वर्षच झालं होतं. शेजारच्या गावचे एक मामा जुनी व्हॅन घेऊन आले. गावातल्या आजारी माणसांना पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं-आणायचं, हाच त्यांचा धंदा. मे महिना होता. पंखा जोरात चालत होता, पण हवा गरम. बॉनेट उघडलं. एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच पकडतो आणि 'टक' असा आवाज येतो. तो येत नव्हता.

फ्यूज पाहिला, ठीक. रिले बदलून पाहिला, ठीक. क्लचचा प्लग काढला, मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला लावली, लाल प्लगमध्ये. बारा व्होल्ट दाखवले. मी म्हणालो, "मामा, करंट येतोय, म्हणजे क्लचची कॉइल गेली. जुना कॉम्प्रेसर आहे, पूर्णच बदलू." सेकंडहँड कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी मिळून नऊ हजार झाले. मामांनी दोन शेळ्या विकून पैसे आणले. एसी गार झाला. मामा खूश, मीही खूश.

पाचव्या आठवड्यात व्हॅन परत आली. तीच तक्रार. आता मात्र मला घाम फुटला. या वेळी प्लग न काढता, कॉइल जोडलेली असतानाच तिच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. सहा व्होल्ट! उरलेले सहा कुठे गेले? अर्थिंगची वायर शोधत गेलो. इंजिनाच्या बॉडीवर ज्या बोल्टाने ती आवळली होती, तो गंजून ढिला झाला होता. पॉलिश पेपरने घासला, आवळला. 'टक'. क्लचने पकडलं.

प्लग काढून मोजलं तेव्हा मीटरने करंट जवळजवळ ओढलाच नव्हता, म्हणून बारा दिसले. आणि मीटरची काळी वायर थेट बॅटरीला लावल्यामुळे अर्थिंगची तपासणी झालीच नव्हती. कॉइल जोडली की ती तीन-चार अँपिअर मागते. तेवढा करंट त्या गंजलेल्या जोडातून जाईना. पहिल्या वेळी कॉम्प्रेसर बदलताना ती वायर हलली, जोड तात्पुरता बसला आणि मला वाटलं, माझं निदान बरोबर.

मामांनी वायरीचे पैसे विचारले. मी "राहू द्या" म्हणालो. ते दुवा देऊन गेले.

मामांचा जुना कॉम्प्रेसर मांडणीवर भंगारात पडून होता. संध्याकाळी शटर अर्धं ओढून कॉइलचे ओहम मोजले. चार. निरोगी कॉइल साधारण तीन ते पाच दाखवते. बॅटरीवरून थेट करंट दिला. 'टक'. तो आवाज मला कानाखाली बसल्यासारखा वाटला.

कुणालाच कळलं नसतं. घरी जेवण गेलं नाही. अब्बांनी आयुष्यभर उसाचा ट्रक चालवलेला, त्यांना गाडीचं सगळं समजतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "जो देख्या नहीं, वो बोलना नको. और बोल दिया तो भर देना." अम्मी म्हणाली, "शेळ्या विकल्या म्हणतोस, मग त्यांच्या घरात दूध कुठलं?" हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मोठ्या मनाने माफ करतील. ते चिडले. "तुझ्या शिकण्याची फी माझ्या घरातून गेली होय?" म्हणाले. खरंच होतं ते. नऊ हजार मी तीन हप्त्यांत फेडले. त्यांनी मोजून घेतले, चहा विचारला नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. हवाच येत नसेल तर ब्लोअरचा फ्यूज आणि मोटर. पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टर. गाडी पळताना गार आणि उभी असताना गरम, तर आधी कंडेन्सरचा पंखा. 'टक' येत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, वायरी, अर्थिंग आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेसर. गॅस फार कमी झाला तर प्रेशर स्विच स्वतःच क्लचचा करंट तोडतो; पण मग गॅस कुठून गळाला, हे शोधल्याशिवाय नुसता भरून उपयोग नाही. आमच्याकडे चहूकडे ऊस, त्यामुळे उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तर नेहमीच्याच.

तुम्हीही गॅरेजमध्ये गेलात की एवढं करा. मोठा पार्ट बदलायला सांगितला, तर मीटर लावून दाखवायला सांगा आणि जुना पार्ट मागून घ्या. प्रामाणिक कारागीर रागावणार नाही.

मामा पुढे दोन वर्षं दुकानात आले नाहीत. रस्त्याने व्हॅन जाताना दिसायची. मग एका एप्रिलमध्ये समोर येऊन थांबली. मामा खाली उतरले, सलाम झाला. मी बॉनेटकडे वळलो, तर ते मागून म्हणाले, "आधी मीटर लाव. मग बोल."

मीटर माझ्या हातातच होता.