प्रगतिपुस्तक वाचू नका

चांगल्या माणसाला मरणाची भीती वाटत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. माझे पप्पा चांगले होते, आणि शेवटच्या दिवसांत ते चांगलेच घाबरलेले होते. दुखण्याला नव्हे. दुखणं त्यांनी निमूट सोसलं. ते घाबरले होते हिशेबाला.

पप्पा नगरच्या एका शाळेत आधी शिक्षक आणि मग मुख्याध्यापक होते. शिकवणीचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. पगार हातात आला की आईने किराण्याची यादी करायच्या आधी दशांशाचं पाकीट बाजूला निघे. आमच्याकडे कापणीच्या सणाला मंडळी भोपळे, कोंबड्या, ज्वारीची कणसं देवळात आणून ठेवतात आणि उपासना संपली की त्यांचा लिलाव होतो. एखाद्या म्हातारीच्या चार वांग्यांना कोणी बोली लावेना, तर पप्पा अशी बोली लावत की आई बसल्या जागेवरूनच डोळे वटारी. घरी त्यांची एक दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर केलेलं, उजव्या पानावर राहिलेलं. उजवं पान नेहमी जास्त भरलेलं. ‘शिपायावर विनाकारण ओरडलो. माफी मागणे.’ मागून झाली की त्यावर पट्टीने मारलेली सरळ रेघ. पट्टीने! रेघसुद्धा वाकडी चालत नसे.

हे कुठून आलं हे मला ठाऊक आहे, कारण थोडंफार माझ्यातही उतरलं आहे. पप्पांचे आजोबा छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1900 च्या सुमाराला, अनाथ झालेलं पोर. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 पासून होतं. दुष्काळात त्यांनी अशी शेकडो पोरं सांभाळली. आजोबा तिथे जेवले, शिकले, सुतार झाले आणि ख्रिस्तीही झाले. गावाकडचे लोक म्हणायचे, भाकरीसाठी धर्म सोडला. हे बोलणं आमच्या घराला तीन पिढ्या पुरलं. म्हणून आमच्याकडे चांगलं वागणं म्हणजे नुसता सद्गुण नव्हता, ते लोकांना दिलेलं उत्तर होतं. “ख्रिस्ती माणसाकडे कोणाला बोट दाखवता येता कामा नये,” हे मी वचनांच्याही आधी पाठ केलं असेन. रविवारी देवळात ऐकायचं की तारण फुकट आहे, देवाची कृपा आहे, कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही. सोमवारी घरी मात्र एकेका गोष्टीची किंमत चुकवायची. दोन्ही गोष्टी आम्ही कित्येक वर्षं सुखाने एकत्र नांदवल्या. खूप मराठी ख्रिस्ती घरांत त्या अजूनही नांदतात, असा माझा अंदाज आहे.

फट पहिल्यांदा दिसली ती चुलतकाकांच्या अंत्यविधीला. काका आयुष्यभर प्यायले. बायकोचे दागिने विकले, पप्पांकडून घेतलेले पैसे कधी परत केले नाहीत. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांनी पाळकसाहेबांना बोलावून घेतलं, रडले, प्रार्थना केली, प्रभुभोजन घेतलं आणि गेले. पाळकसाहेबांनी उपदेशात येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या, शेवटच्या घटकेला स्वर्गाचं वचन मिळालेल्या चोराची गोष्ट सांगितली आणि आपला भाऊ आज प्रभूजवळ आहे, असं ठामपणे म्हणाले. पप्पा काही बोलले नाहीत. परत येताना रिक्षात म्हणाले, “आज थोरल्या मुलाचं कोणी ऐकून घेतलं नाही.”

उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. धाकटा परत येतो, बाप मेजवानी घालतो, आणि शेतावर राबून आलेला थोरला रुसून बाहेर उभा राहतो. लूकने ती गोष्ट तिथेच सोडली आहे. थोरला आत गेला की नाही हे शुभवर्तमानात कुठेही नाही. पप्पांनी शास्त्राच्या तासाला हे शेकडो मुलांना शिकवलं होतं. त्या दिवशी ते स्वतः अंगणात उभे होते.

पुढे वर्षभरात त्यांचं दुखणं निघालं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माजी विद्यार्थी, शिपाई, देवळातल्या बायका. प्रत्येक जण खुर्ची पलंगाजवळ ओढायचा आणि तेच सांगायचा: सर, तुम्ही किती जणांचं भलं केलंत, माझी फी भरलीत, तुम्हाला देव विसरेल होय? चांगल्या मनाने बोलत सगळे. पण मी पुण्याहून रजा काढून त्यांच्या उशाशी बसले होते आणि मला दिसत होतं, प्रत्येक भेटीनंतर ते आणखी खचायचे. पाहुणा डावं पान वाचून जाई. उजवं पान फक्त त्यांना पाठ होतं. एका रात्री त्यांनी मला विचारलं, “ह्याने पुरेल का गं?” मी म्हटलं, “पप्पा, तुम्हाला नाही पुरणार तर कोणाला पुरेल?” ते भिंतीकडे वळून झोपले.

त्या रात्रींत मी बरंच वाचलं. मार्टिन लूथर मला शाळेच्या इतिहासात भेटला होता, दारावर प्रबंध ठोकणारा, 1517. आता भेटला तो त्याच्या आधीचा, 1505 मध्ये एर्फुर्टच्या मठात गेलेला तरुण. उपास, जागरणं, थंडीत कुडकुडणं, आणि पापांची कबुली द्यायला बसला की तासन्‌तास उठायचा नाही. बाहेर पडला की विसरलेलं एक पाप आठवायचं आणि परत आत. त्याचा वरिष्ठ श्टाउपिट्झ टेकीला आला होता. हा तर पट्टीने रेघा मारणारा माणूस! पुढे 1515-16 मध्ये विटेनबर्गला पौलाचं रोमकरांस पत्र शिकवताना त्याचा या गाठीशी झगडा चालला होता. मरणाच्या आदल्या वर्षी, 1545 मध्ये, त्याने मागे वळून लिहिलं की देवाचं नीतिमत्त्व हे शब्द आधी त्याला अगदी नकोसे होते, कारण नीतिमान देव म्हणजे शिक्षा करणारा देव, एवढंच तो समजत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की ज्या नीतिमत्त्वाबद्दल पौल बोलतो ते देव मागत नाही, देतो. माणूस ते विश्वासाने नुसतं घेतो.

लूथर जर्मन, आपल्या मातीतली साक्ष मला जास्त जवळची वाटली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. विधवांसाठी, मुलींसाठी या बाईने जे केलं त्याची बरोबरी करायला आजही माणूस सापडणं कठीण. आणि ही बाई आपल्या साक्षीत सांगते की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं तिच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र तिच्या हाती पडलं आणि तिला स्वतःकडे पाहायला लावून गेलं. हा हॅस्लमही गमतीचा. 1851 मध्ये कॉर्नवॉलमधल्या आपल्या देवळात उपदेश करता करता स्वतःच्याच उपदेशाने त्याचं परिवर्तन झालं; पाळकाचं तारण झालं म्हणून लोक ओरडले. रमाबाईंच्या बाबतीत मला थांबवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. कर्मांनी तारण नाही हे उमगल्यावर त्या हात बांधून बसल्या नाहीत. केडगावचं मुक्ती सदन, दुष्काळातून गोळा करून आणलेल्या शेकडो बायका-मुली, सबंध बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्यानंतरचं.

मी हे सगळं पप्पांना वाचून दाखवायची. ते ऐकायचे, पण मुख्याध्यापक मुख्याध्यापकच. “आणि याकोब?” ते म्हणाले. याकोबाच्या पत्रात स्पष्ट आहे की कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे. लूथरला ते पत्र इतकं अडचणीचं वाटलं की 1522 च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचं पत्र ठरवलं. पुढच्या आवृत्त्यांतून तो शेरा गेला. पप्पांना लूथरचा तो आगाऊपणा अजिबात आवडला नाही, आणि मला वाटतं पप्पांचं बरोबर होतं. उशीला टेकून, धाप लागत असताना त्यांनी मला तास घेतल्यासारखं समजावलं. पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात. पौल उत्पत्तीचा पंधरावा अध्याय घेतो: म्हातारा अब्राहाम आकाशातल्या ताऱ्यांकडे बघून देवाच्या वचनावर नुसता विश्वास ठेवतो आणि तेवढ्यावर नीतिमान गणला जातो. याकोब बाविसावा घेतो: मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला घेऊन डोंगर चढणारा अब्राहाम. मधे कित्येक वर्षं गेलीत. “आधी पंधरावा, मग बाविसावा,” पप्पा म्हणाले, “उलटं नाही.” शिकवणीचा अर्थ त्यांना असा चोख कळत होता. स्वतःला लागू करायची वेळ आली की मात्र ते बाविसाव्यातच उभे, डोंगर पुरेसा चढलो का हे मोजत.

त्यांचे शाळेतले सोबती, चित्रकलेचे सर, माळकरी, दर आठवड्याला येत. ते हे सगळं ऐकून एकदा म्हणाले, “सर, आम्ही तरी विठोबाच्या दारात पासबुक घेऊन जातो का?” पप्पा हसले. रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं म्हणतात ते उगीच नाही. फरक आहेच: पौलाची भाषा कोर्टाची आहे, तिथे आरोप आहे, न्यायाधीश आहे आणि निकाल आहे. पण चित्रकलेचे सर येऊन गेले की पप्पांना झोप लागायची, हे मी पाहिलं आहे.

शेवटी आत्याने तोंड उघडलं. आत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण, मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. जिभेला हाड नाही. तिच्या हातात सुपाची वाटी होती.

“दादा, तू अजून पेपर लिहितोयस. घंटा झाली. पेपर कधीच दिला गेलाय, तुझ्या नावावर दुसऱ्याने लिहून दिलाय, आणि तो पास आहे.”

पप्पा उठून बसले. खरंच बसले, आधार न घेता. “म्हणजे कॉपी!” त्यांनी जन्मात कोणाला कॉपी करू दिली नव्हती. “हे मला चालणार नाही.”

“तुला चालण्याचा प्रश्नच नाही. ज्याने पेपर काढला त्यानेच लिहून दिलाय. तू कोण तक्रार करणारा? सूप पी.”

पप्पा सूप प्यायले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काकाचाही त्यानेच लिहिला असेल, नाही?”

“हो. तुझा आणि त्याचा एकच पेपर.”

मला वाटतं त्यांना झोंबलं ते हेच. चांगल्या माणसाला या शिकवणीत स्वर्ग मिळतो, पण त्याचा पहिला नंबर जातो. पिणाऱ्याला हे ऐकून हलकं वाटतं, कारण त्याच्याजवळ गमवायला काही नसतं. पन्नास वर्षं सरळ रेघा मारलेल्या माणसाला ती वही खाली ठेवावी लागते, आणि वहीतलं काही खोटं नसतं. पाळकांनी विश्वासाने तारण हा विषय सोपा करून सांगू नये असं मला तेव्हापासून वाटतं. तो सोपा फक्त गाण्यात आहे.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांनी याच एका मुद्द्यावर चार-साडेचार शतकं एकमेकांना शाप दिले. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने 1547 मध्ये आपली बाजू मांडली. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिकांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, की माणूस देवाजवळ स्वीकारला जातो तो कृपेने, स्वतःच्या लायकीने नव्हे, आणि त्यातूनच चांगली कामं निघतात. आत्याची वसईची कॅथलिक मैत्रीण त्या दिवसांत पप्पांसाठी रोझरी करायची. सह्या झाल्यात हे तिला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं.” आणि मणी ओढत राहिली.

पप्पा एकदम शांत झाले आणि हसत गेले, असं मी लिहिणार नाही. काही रात्री भीती परत यायची. पण वही त्यांनी पुन्हा मागितली नाही. शिपायाला, ज्याच्यावर ओरडले होते त्यालाच, बोलावून घेतलं आणि त्याच्या मुलाच्या कॉलेजच्या फीचा बंदोबस्त केला. या वेळी ते कुठे लिहून ठेवलं नाही. मला ते नंतर शिपायाकडूनच कळलं. आणि पाळकसाहेबांना बजावलं, “माझ्या अंत्यविधीत प्रगतिपुस्तक वाचू नका. काकाच्या वेळी जो उपदेश केलात, तोच करा.”

पाळकसाहेबांनी शब्द पाळला. चोराची गोष्ट सांगितली. देवळात कुजबुज झाली. सरांसारख्या माणसाला चोराची गोष्ट! दोन माजी विद्यार्थी नंतर माझ्याजवळ येऊन नाराजी सांगून गेले. आत्याने त्यांना चहा दिला आणि पप्पांची इच्छा होती एवढंच सांगितलं.

तुम्ही एखाद्या चांगल्या माणसाच्या आजारपणात त्याला भेटायला जाल, तेव्हा त्याच्या सत्कृत्यांची यादी वाचू नका. ती त्याच्याजवळ आहे, आणि तिची दुसरी बाजूही त्याच्याजवळच आहे. ख्रिस्ती असाल तर रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचा, तो छोटा आहे. नसाल तर शेजारी बसा आणि सूप द्या.