धार : खरखरीत कीं घोटलेली ?

पातें लखलखीत दिसलें म्हणजे धार उत्तम, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ आहे. वस्तु जितकी घोटावी तितकी ती उंची, असें आपण एकंदरींतच मानतों आणि सुरी-विळीलाही तोच न्याय लावतों. आमच्या मतें पोलादाला हा न्याय लागू पडत नाहीं. धार किती घोटावी हें तिच्याकडून कोणतें काम घ्यावयाचें आहे यावर ठरतें. आणि स्वयंपाकघरांतील कित्येक कामांस खरखरीत धारच अधिक सोयीची असते.

येथें आम्ही जुन्या, साध्या पोलादाविषयीं बोलत आहों. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं न गंजणारें पोलाद बनविलें, आणि पुढें तेंच घरोघर पोहोंचलें. तरी वडिलोपार्जित विळ्या व अडकित्ते अजून पुष्कळ घरीं आहेत. हें पोलाद गंजतें, कांदा किंवा कैरी लागतांच काळवंडतें. परंतु दगडावर थोड्या श्रमांत उत्तम धार घेतें, हा त्याचा मोठा गुण.

कोणतीही धार सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली तर ती सरळ रेघ नसते. दगडाच्या कणांनीं पाडलेले ओरखडे थेट कडेपर्यंत येतात, त्यामुळें कड करवतीप्रमाणें दातेरी होते. ४०० नंबरच्या जाड दगडावर हे दांते ठळक उमटतात, १००० नंबरवर बारीक होतात, आणि ८००० नंबरवर घोटल्यास जवळजवळ नाहींसे होतात. टोमॅटो, वांगें, भोपळी मिरची यांची साल गुळगुळीत व चिवट. ती धारेवरून ओढली गेली म्हणजे दांते तींत रुततात व पुढचें काम सुलभ होतें. उलट, वस्तु न ओढतां नुसती दाबून कापावयाची असेल तेथें दांत्यांचा उपयोग नाहीं. अडकित्त्यानें सुपारीची पातळ चकती काढावयाची तर धार घोटलेलीच हवी. वस्तऱ्याचें तर बोलावयासच नको. मुंजींत बटूच्या डोक्यावर ४०० नंबरची धार फिरविली तर मंगलाष्टकांऐवजीं रडण्याचाच घोष व्हावयाचा!

विळीवर पातें स्थिर असतें व भाजी हलते. भाजी पुढें लोटतां लोटतां ती बांकदार पात्यावरून किंचित् सरकतेही. म्हणजे विळीचें कापणें हें बव्हंशीं ओढीचें कापणें होय. या ओढीचा प्रभाव केवढा ! हार्वर्ड विद्यापीठांतील एल्. महादेवन् व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ मध्यें जेलीसारख्या मऊ पदार्थावर बारीक तारेनें प्रयोग केले. नुसतें दाबण्यापेक्षां ओढीची जोड दिल्यास कमी जोर पुरतो, असें त्यांस आढळलें. आणि तारेला तर दांतेही नसतात.

याची खरी कसोटी आम्हांस घरींच पाहावयास मिळाली. आमच्या काकूंचें वय ७८, बोटांचे सांधे सुजलेले. विळीवर बसलें कीं त्यांचा हात थरथरे, आणि दोनदां बोट कापल्यावर घरांतील मंडळींनीं ठरविलें कीं, आतां विळी त्यांच्यापासून दूर ठेवावी. पन्नासांहून अधिक वर्षें ज्यांनीं घराची भाजी चिरली त्यांस हें सांगावें कोणीं, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यांत आमच्या इंजिनिअर पुतण्यानें विळी ८००० नंबरपर्यंत घोटली. पहिले दोन दिवस सर्वांनीं वाहवा केली. मग कैऱ्यांचे दिवस आले. आंबट रस साध्या पोलादाची अतिसूक्ष्म कड लवकर खातो. आठवड्यानें टोमॅटो पात्यावरून घसरूं लागला. काकू म्हणाल्या, “दिसायला झकास आहे रे, पण हिला भाजी धरतां येत नाहीं.” पुतण्या हुशार, त्यानें वाद न घालतां तीच विळी ४०० नंबरच्या दगडावर पुन्हां लावून दिली. तेव्हांपासून काकूंना जोर द्यावा लागत नाहीं, आणि जोर नाहीं म्हणून हातही पूर्वीइतका कांपत नाहीं. तो ठराव कोणीं पुन्हां काढला नाहीं.

मात्र खरखरीत धार म्हणजे अर्धवट धार नव्हे. एका बाजूनें घांसतांना दुसऱ्या बाजूस लोखंडाची सूक्ष्म कोर वळते. बोट आडवें फिरविलें तर ती लागते. (बोट धारेच्या लांबीवरून कधींही फिरवूं नये.) ही कोर राहिली तर विळी पहिल्या दिवशीं भलतीच तीक्ष्ण वाटते व दुसऱ्या दिवशीं बोथटते. म्हणून शेवटीं त्याच दगडावर अगदीं हलक्या हातानें, आळीपाळीनें दोन्ही बाजूंस चार-सहा हात फिरवून ती उतरवावी. रस्त्यावरील चाकावर जुनें पातें देण्यास आम्ही धजत नाहीं. ठिणग्या उडतात तेथें कड तापते; तिच्यावर निळी झांक दिसली तर तेवढ्या भागाचें पाणी उतरलें असें समजावें.

कोणी म्हणेल, जपानांत कच्च्या माशाचे काप लांब सुरीच्या एकाच ओढींत काढतात, तरी ती धार अत्यंत घोटलेली असते. क्योतोच्या परिसरांतील नैसर्गिक दगड त्यासाठींच नांवाजलेले आहेत. (शाकाहारी वाचकांनीं उदाहरणापुरती क्षमा करावी.) तें खरें आहे. पण तेथें कापाचा पृष्ठभाग आरशासारखा राहावा हा हेतु, आणि सुरी वारंवार दगडावर लावण्याची कारागिराची तयारी. आमटींत पडणाऱ्या वांग्याला एवढा मान कोण देतो ? कोबी केसासारखा बारीक चिरावयाचा असेल तर मात्र आम्हीही पुतण्याची घोटलेली सुरीच मागतों.

खरखरीत धारेंत एक तोटा आहेच. जाड दगड पोलाद अधिक खातो. काकूंच्या विळीचें पातें त्या लग्न होऊन आल्या तेव्हां चार बोटें रुंद होतें. आज अडीच उरलें आहे. पुतण्या आतां दर महिन्यास पट्टी घेऊन तें मोजतो आणि वहींत टिपून ठेवतो. काकूंना हें मुळींच आवडत नाहीं.