जामीनदाराची सही

आमच्या पुतणीला परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाली, तेव्हा पेढे आम्हीच वाटले. परंतु करारनाम्यावर जामीनदार म्हणून सही करण्याची वेळ आली, तेव्हा आमचा हात आखडला. हे कबूल करताना लाज वाटते. तरी समाजबांधवांपुढे सांगितलेच पाहिजे.

पुतणी धाकट्या भावाची. भाऊ रेवदंड्याला गवंडीकाम करतो. पोरीला प्रवेश मिळाला स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात, सार्वजनिक आरोग्य या विषयाला. विद्यापीठ १५८३ सालचे, शिवरायांच्या जन्माच्याही आधीचे. शहर मोठे गजबजलेले. १९४७ साली सुरू झालेला तिथला ऑगस्टमधला नाट्य-संगीत उत्सव जगप्रसिद्ध आहे.

भावजय म्हणाली, "दादा, पोरगी पनवेलच्या पुढं एकटी कधी गेली नाय. तिथं काय झालं तर?"

आमच्या मनात वेगळाच हिशेब. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. तिने शिक्षण अर्धवट सोडले, तर वसुली जामीनदाराकडून. आमच्या घराचे कर्ज अजून फिटलेले नाही. आम्ही म्हणालो, "दोन दिवसांनी बघू."

त्या दोन दिवसांत बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडले. जयंतीला त्यावर भाषणे ठोकली होती, पण एक तारीख नजरेतून निसटली होती. ४ जून १९१३. त्या दिवशी बाबासाहेबांनीही करारनाम्यावर सही केली होती. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट. वडील सुभेदार रामजी त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. संसाराचा भार माता रमाईंवर टाकून ते जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठ १७५४ सालचे, आणि भोवती एवढे मोठे शहर. पहिल्या वसतिगृहातले जेवणही त्यांना मानवले नाही. तरी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले आणि १९१५ मध्ये एम.ए. झाले.

त्या करारनाम्याचे पुढे काय झाले? १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, पण जातीमुळे शहरात राहायला जागा मिळेना. अखेर नोकरी सोडावी लागली. एवढ्या विद्वानालाही अट पाळणे जातीने अशक्य करून टाकले. पण विद्या वाया गेली का? जून १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते बोटीने आपल्या दासगाव बंदरात उतरून महाडच्या परिषदेला गेले. न्यूयॉर्कला शिकलेला माणूस आपल्या खाडीतून आपल्यासाठी आला.

आणखी एक गोष्ट वाचली. न्यूयॉर्कला पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती वेगाने होईल, असा त्याचा आशय. स्वतः तेव्हा बावीस वर्षांचे. आणि आम्ही चाळिशी ओलांडलेले, पुतणीचा कागद कपाटात ठेवून बसलेलो!

तिसऱ्या दिवशी सही केली. पोरीला म्हणालो, "शहर बघ, नाटकं बघ, मैत्रिणी कर. अडचण आली तर लपवू नकोस, आधी आम्हाला कळव."

ती म्हणाली, "काका, महिन्याचा हिशेब पाठवीन. तुम्ही आईला तेवढं सांभाळा."

तिच्या हिशेबात पहिल्या महिन्यात सगळ्यात मोठी रक्कम होती खोलीभाड्याची आणि त्याखाली थंडीच्या कोटाची. भावजयीने दोनदा वाचायला लावले.

बंधू-भगिनींनो, केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. राज्याचीही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट ही कागदपत्रे तयार ठेवा. जाहिरात निघाल्यावर धावपळ केली तर मुदत टळते.

आणि जे नोकरीत आहेत, त्यांना आमचे सांगणे आहे. जयंतीची वर्गणी आपण न मागता देतो. उद्या वस्तीतल्या गवंड्याची किंवा मोलकरणीची पोर कागद घेऊन दारात आली, तर "दोन दिवसांनी बघू" म्हणू नका. अटी नीट वाचा, आणि पेन काढा.

जयभीम!